किरणोत्सवाचे गणित : नववीच्या वर्गातील प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर : प्रश्न

फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत जातात, ते वर्षातून दोनदा : ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. याच तारखा का?

कोल्हापुरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला किरणोत्सव माहीत असतो. वर्तमानपत्रात दरवर्षी फोटोसकट बातमी येते, त्यामुळे आपल्याला यातले सगळे कळते असे पोरांना वाटते. ते वाटणे आपल्या कामाचे आहे. या वयात ‘तुम्हाला हे माहीत नाही, ऐका’ म्हटले की कान मिटतात. ‘तुम्हाला माहीतच आहे, तर सांगा बघू’ म्हटले की मागच्या बाकावरूनही आवाज येतो.

पहिल्या तासाला आलेली उत्तरे : पूर्वीच्या लोकांनी तसे बांधले आहे, त्या दिवशी सूर्य बरोबर समोर असतो, देवीची कृपा. तिन्ही खाकी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मागच्या भिंतीला लावली. बरोबर की चूक, काही बोलायचे नाही. मग दुसरा प्रश्न : “मग बारा तारखेला सूर्य कुठं जातोय?” यावर वर्गात जो कालवा झाला, त्यावर पुढचे पाच महिने चालवायचे आहेत.

दोन शिक्षक लागतात, एक भूगोलाचा आणि एक गणिताचा. आठवड्यातून एकदा जोडतास. स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ आठवीत झालेली असते, त्रिकोणमितीची ओळख नववीच्या भूमितीत होते. म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचे फारसे काही नाही. मुख्याध्यापकांना आणि पालकांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे. देवळाच्या आत काहीही मोजायचे नाही, हेही सांगावे. सगळे काम शाळेच्या गच्चीवर.

१७ सप्टेंबर : साहित्य

पाच संच करायचे. एका संचाला लागते ते असे :

अर्धा इंची पीव्हीसी पाइप, पाच लिटरचा रिकामा पेंटचा डबा, डबाभर काँक्रीट, पंधरा सेंटिमीटर बाहेर येईल अशी लाकडी पट्टी, दहा सेंटिमीटर चौरस जाड पुठ्ठा, सुतळी, ओळंबा आणि मीटर टेप. गवंड्याचा ओळंबा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोरीला मोठा नट बांधला तरी चालतो. पाइप काँक्रीटमध्ये उभा करून दोन दिवस हलवायचा नाही.

सगळीकडे नुसती काठी उभी करून तिच्या टोकाची सावली मोजतात. ते इथे चालत नाही. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी साधारण अर्धा अंश आहे. त्यामुळे मीटरभर उंच काठीच्या टोकाची सावली सेंटिमीटरहून जास्त पुसट होते. पाच पोरे पाच ठिकाणी खूण करतात आणि पाचही जण आपलेच खरे म्हणतात. म्हणून पट्टीच्या टोकाला पुठ्ठा आडवा बसवून त्याला ५ मिलिमीटरचे भोक पाडायचे. पुठ्ठ्याच्या सावलीत दीड सेंटिमीटरचा स्वच्छ गोल ठिपका पडतो. त्याचा मध्य एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने सगळ्यांना सारखाच सापडतो.

दुसरी भानगड उभ्या पाइपची. काठी एक अंश कलली तरी टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकते. इथे ओळंबा पुठ्ठ्याच्या भोकातूनच सोडायचा आणि तो जमिनीला टेकतो तो बिंदू म्हणजे ‘पाय’. उंचीही भोकापासून पायापर्यंत, ओळंब्याच्या दोरीवरच मोजायची : १०० सेंटिमीटर, कमी नको, जास्त नको. मग पाइप थोडा वाकडा असला तरी काही बिघडत नाही. पट्टी उत्तरेकडे करून ठेवायची आणि पाइपचे टोक पुठ्ठ्याच्या वर येऊ द्यायचे नाही.

खडूची खूण टिकत नाही. संध्याकाळी गच्ची झाडली जाते आणि सप्टेंबरात एखादी सर येतेच. नेलपॉलिशचा ठिपका महिनोन् महिने राहतो. प्रत्येक गटाला वेगळा रंग. हा शोध मुलींचा.

२२ सप्टेंबर : गट

चाळीसचा वर्ग, पाच गट, प्रत्येकी आठ. आठातले चार गच्चीवर, चार खाली वर्गात दुसऱ्या शिक्षकांबरोबर. पुढच्या खेपेला अदलाबदल. गच्चीवर एका वेळी वीसच्या वर मुले नेली की कुणीतरी सावलीतच उभे राहते आणि कठड्याकडे लक्ष ठेवणेही अवघड होते.

गटांना पेठांची नावे द्यायची नाहीत. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असे झाले की फुटबॉलचे मैदान वर्गात येते आणि मग मोजमाप कुणाचे बरोबर, हे आवाजावर ठरते. पंचगंगेच्या पाच नद्या घेतल्या : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती. पाचवी गुप्त, म्हणून सरस्वती गटाने पहिल्याच दिवशी “आमचं उत्तर पण गुप्त” असे जाहीर केले.

गच्चीवरच्या चौघांची कामे : ओळंबा, घड्याळ, खूण, वही. पाचवा माणूस दुसऱ्या गटातला आणि त्याचे नाव शंकेखोर. त्याने मोजायचे काहीच नाही, फक्त चूक पकडायची. ओळंबा थांबला का? टेप ताणलेली आहे का? डोळा बरोबर वर आहे की तिरका? वर्गात एरवी ज्याला “गप बस” म्हणावे लागते, त्याला पहिल्यांदा हेच काम द्यावे. वाद घालण्याची हौस पुरी होते आणि वाद पुराव्यानेच घालावा लागतो.

कामे दर खेपेला फिरली पाहिजेत. ती फिरवली नाहीत तर वही कायम चांगल्या अक्षराच्या मुलीकडे आणि ओळंबा कायम दांडगट मुलाकडे राहतो. हे आपोआप होते, कुणी ठरवून करत नाही. तक्ता लावून ठेवला की तक्रार राहत नाही.

अंदाजाची चिठ्ठी : मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहून, सही करून, घडी घालून डब्यात टाकायचा. सही महत्त्वाची. सही नसेल तर मोजून झाल्यावर सगळेच म्हणतात, “मला माहीतच होतं.”

२३ सप्टेंबर : विषुवदिन

या दिवसाइतका चांगला दिवस शाळेला वर्षात दुसरा मिळत नाही. सूर्य विषुववृत्तावर, त्यामुळे दोन गोष्टी एकदम साधतात.

पहिली : ठिपका दिवसभर सरळ रेषेत सरकतो. साडेअकरापासून एक वाजून वीस मिनिटांपर्यंत दर दहा मिनिटांनी खूण केली. मधली सुट्टी यातच येते आणि ती सोडायला कुणी तयार नव्हते. ढग आला की खूण चुकते. चुकलेली अंदाजाने भरायची नाही, वहीत ‘ढग’ असे लिहायचे. शेवटी सगळ्या खुणांवरून सुतळी ताणली. बहुतेकांनी चिठ्ठीत कमान काढली होती, सूर्य कमानीने जातो म्हणून. सुतळी मात्र सगळ्या ठिपक्यांना शिवत सरळ गेली. ही रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला पायापासून काटकोन केला की उत्तर-दक्षिण. दोन्ही रेषा ऑइलपेंटने पक्क्या केल्या, पुढचे सगळे त्यांच्यावरच.

होकायंत्राने दिशा का घेतली नाही? कोल्हापुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक फार नाही, पण गच्चीच्या स्लॅबमध्ये सळ्या आहेत. होकायंत्र हातभर इकडचे तिकडे ठेवले की सुई वेगळेच सांगते. मोबाइलचेही तेच. हे आधी सांगायचे नाही. दोन गटांना मोबाइलने दिशा काढू द्यायची आणि मग रेषा जुळवून बघायला सांगायचे.

दुसरी गोष्ट : मध्यान्हाचा ठिपका पायापासून किती लांब? कोल्हापूरचे अक्षवृत्त १६.७ अंश उत्तर. १०० सेंटिमीटर उंचीला ३० सेंटिमीटर सावली यायला हवी, कारण १६.७ अंशांचा टॅन, म्हणजे सावली भागिले उंची, ०.३० आहे. मुलांना हे उलट करायचे होते : सावलीवरून अक्षवृत्त. नववीत टॅनच्या ३०, ४५, ६० अंशांच्याच किमती असतात, म्हणून आधी आलेखावर दहास एक प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजला, मग कॅल्क्युलेटरने ताडून पाहिला.

पाच गटांत तीन गट २९.६ ते ३०.३ मध्ये. तुळशी गटाचे ३१.२. भोगावतीचे २८.५.

इथे उत्तर चूक आहे असे म्हणण्याऐवजी नकाशा उघडावा. ३१.२ म्हणजे १७.३ अंश, म्हणजे कऱ्हाड. २८.५ म्हणजे १५.९ अंश, म्हणजे बेळगाव. “सर, कोल्हापूर बेळगावात गेलं की!” आणि मागून लगेच, “सीमाप्रश्न सुटला.” हसून झाल्यावर आकडा काढला : या उंचीच्या संचात एक सेंटिमीटरची चूक म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडे जास्त, जमिनीवर साधारण ५८ किलोमीटर. मिलिमीटर म्हणजे सहा किलोमीटर. त्यानंतर टेप ताणा म्हणून कुणाला सांगावे लागले नाही.

भोगावतीच्या शंकेखोराने चूक स्वतः शोधली. टेपचे पुढचे पत्र्याचे टोक मोडलेले होते आणि त्याबद्दल म्हणून ते मापातून दीड सेंटिमीटर जास्तच वजा करत होते. ओळंबा धरणारी मुलगी आधी ठाम होती : “मी तीनदा मोजलो, तेवढंच येतंय.” तीनदा तेवढेच येणे आणि बरोबर येणे यांत फरक असतो, हे वाक्य शिक्षकाने म्हणायची गरज पडली नाही. ते मोडके टोक आता वर्गात खिळ्याला टांगले आहे.

मध्यान्ह घड्याळात १२ वाजून २५ मिनिटांनी. शाळेच्या घंटेचे घड्याळ चार मिनिटे पुढे आहे, हेही आज कळले. यापुढे वेळ मोबाइलचीच.

८ ऑक्टोबर

परीक्षेचे दिवस, जोडतास नाही. ज्यांना यायचे त्यांनी मधल्या सुट्टीत यावे म्हटले, तर प्रत्येक गटातून दोघे-तिघे आले. ठिपका ४१.६ वर. पंधरा दिवसांत साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला पाऊण सेंटिमीटर. मध्यान्ह १२:२१.

दिवाळीच्या सुट्टीचे काम : घरात ऊन येते अशी एक खिडकी शोधायची, रोज घड्याळात ठरलेल्या वेळी भिंतीवरच्या कवडशाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारायची. सक्ती नाही, गुण नाहीत. भिंतीवर रेघा मारायला शाळेची परवानगी आहे, एवढे सांगितले की पुरते. घरच्यांना मात्र चिठ्ठी द्यावी.

४ नोव्हेंबर : वर्गातला नमुना

गच्चीवर दिशा मिळाली, पण किरण आत कसे शिरतात हे पोरांच्या हाताखालून गेले पाहिजे. जमिनीवर मांडणी अशी : दोन जाड पुस्तके उभी, मध्ये २ सेंटिमीटरची फट, हे दार. दारामागे २ मीटरवर पाण्याची बाटली, ही मूर्ती. दारापुढे २ मीटरवर मोबाइलची बॅटरी, हा सूर्य. खिडक्यांना चादरी. देवळाची मापे ही नव्हेत, तत्त्व तेवढे बघायचे, हे आधीच सांगून टाकावे. नाहीतर एखादा हुशार मुलगा पूर्ण तास त्यावरच घालवतो.

नोव्हेंबरच्या या दिवसांत मावळतीची जागा रोज साधारण ०.२९ अंश दक्षिणेला सरकते, म्हणजे सूर्यबिंबाच्या निम्म्याहून थोडी जास्त. दोन मीटरवर ही सरक एक सेंटिमीटर भरते. म्हणून बॅटरी एक सेंटिमीटर सरकवली की एक दिवस झाला. उजेडाची पट्टी मागे बाटलीवर तेवढीच उलट्या बाजूला सरकते. बॅटरी बरोबर समोर असताना पट्टी बाटलीच्या मध्यावर. चार-पाच दिवसांत ती बाटलीच्या कडेवरून निसटते. बारा तारखेला सूर्य कुठे जातो, याचे उत्तर कासारी गटाने फळ्यावर जाऊन लिहिले.

मग उंची. बॅटरी वर धरली की बाटलीवर उजेड खाली पडतो, बॅटरी खाली आणली की उजेड वर चढतो. चरणांपासून चेहऱ्याकडे किरण का चढतात, ते एका मुलाने बॅटरी हळूहळू उतरवत दाखवले. उजवी-डावी सरक तारखेची, वर-खालची सरक घड्याळाची. या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या की निम्मे गणित सुटले.

शेवटी वाटेत खोडरबर ठेवला आणि उजेड गेला. सूर्य क्षितिजाच्या ३ अंश वर असताना शंभर मीटरवरची पाच मीटर उंच भिंतही किरण अडवते. तीन अंशांचा टॅन ०.०५२, हा हिशेब सरस्वती गटाने केला. मार्गातल्या इमारती, टाक्या, फलक यांच्या बातम्या दरवर्षी का येतात आणि धूळ, दमटपणा, ढग यांनी किरण मध्येच फिके का पडतात, हे त्यांना आता नव्याने शिकवावे लागणार नाही.

खालच्या चौघांचा कंटाळा हा या प्रकल्पाचा कच्चा दुवा होता. हा नमुना तो भरून काढतो, म्हणून तो आणखी लवकर, ऑक्टोबरातच घ्यावा.

९ ते ११ नोव्हेंबर : गच्चीवर संध्याकाळ

शाळा साडेपाचला सुटते, थांबायचे सहापर्यंत. पालकांची सही आधी घ्यावी.

नियम पहिला : सूर्याकडे बघायचे नाही. मावळतीचा लाल गोळाही नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही नाही, दुर्बीण तर गच्चीवर आणायचीच नाही. बघायचे ते सावलीकडे.

सूर्य ३ अंशांवर असताना एक मीटर उंचीची सावली एकोणीस मीटर जाते, गच्चीबाहेर. तिची लांबी मोजण्यात अर्थ नाही, फक्त दिशा हवी. पूर्व-पश्चिम रेषेवर मोठा कोनमापक काढलेला कागद चिकटवायचा, त्याच्या मध्यावर ओळंबा येऊ द्यायचा आणि दोरीची सावली कागदावर कुठल्या अंशावर पडते ते वाचायचे. वारा असला तर दोरी हलते. ओळंबा पाण्याच्या मगात बुडवून ठेवला की ती स्थिर राहते. ही युक्ती गवंड्यांची.

पावणेसहाच्या सुमारास सूर्य पश्चिमेच्या सुमारे १९ अंश दक्षिणेला आणि बिंब टेकताना साडेसतरा-अठराच्या जवळ. आकडे गटागणिक अंशभर इकडेतिकडे, पण एक गोष्ट सगळ्यांनी टिपली : मावळताना सूर्य सरळ खाली जात नाही, उजवीकडे तिरपा उतरतो. ‘सूर्य पश्चिमेला मावळतो’ हे वाक्य पाचवीपासून पाठ असते. पाचही कागदांवर पश्चिमेची रेघ आणि सावलीची रेघ यांत मोठी फट बघितल्यावर वर्गाने खाकी कागदावर त्याला ‘वर्षातून दोनच दिवस’ अशी दुरुस्ती जोडली.

दुसऱ्या दिवशी क्षितिजावर धुरकटपणा होता, सावली दहा मिनिटे आधीच विरली. तेही वहीत. शंभर मीटरला रोज किती सरक? ०.२९ अंशांनी अर्धा मीटर. महाद्वार रस्त्यावरच्या एखाद्या फलकाने एका दिवसाचे किरण अडवावेत आणि दुसऱ्या दिवशी अडवू नयेत, यात चमत्कारिक काही राहत नाही.

दहा तारखेचा मध्यान्हाचा ठिपका ६६.९ सेंटिमीटर, वेळ १२:१७. हा आकडा भिंतीवर मोठा लिहून चौकटीत ठेवला.

२५ नोव्हेंबर : प्रश्न विचारण्याबद्दल

तासाच्या नोंदींतून एवढेच. प्रश्न विचारून शिक्षकाने दहा सेकंद गप्प राहायचे. दहा सेकंद फार वाटतात. तिसऱ्या सेकंदाला जीभ वळवळते आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. गप्प राहिले की पहिला हात नेहमीचा असतो, चौथा-पाचवा हात नव्या मुलाचा. हात वर येतात त्याच क्रमाने बोलू न देता शेवटच्या हाताला आधी विचारावे.

चुकीच्या अंदाजाची चिठ्ठी वाचताना नाव वाचायचे नाही. या वयात एकदा वर्ग हसला की ते पोर पुढच्या वेळी कोरी चिठ्ठी टाकते. बरोबर अंदाजाचेही नाव वाचायचे नाही. ज्याचे असते तो स्वतःच उडी मारतो.

१६ डिसेंबर : मरगळ

येणार हे माहीतच होते. एकीकडे स्नेहसंमेलनाच्या तालमी, दुसरीकडे सहल, आणि गच्चीवर काहीच घडत नाही. नोव्हेंबरात ठिपका रोज सात मिलिमीटर पळत होता, आता दिवसाला दोन मिलिमीटरही हलत नाही. “सर, सूर्य अडकलाय.”

अयनदिनाचा अर्थ नेमका हाच आहे, पण तो सांगून मरगळ जात नाही. आलेख काढायला दिला : आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर सावली. सप्टेंबरपासूनचे ठिपके जोडले की चढण हळूहळू सपाट होताना दिसते. मग पैज : सावली उलटी फिरायला कुठल्या तारखेनंतर सुरुवात होईल? चिठ्ठी, सही, डबा. हरलेल्या गटाने सगळ्यांना शेंगदाणे. पुढचा आठवडा मोजायला माणसे कमी पडली नाहीत.

२२ डिसेंबर

८४.३ सेंटिमीटर. मध्यान्ह १२:३१. चिठ्ठ्यांत २१, २२, २५ आणि १४ जानेवारी या तारखा होत्या. १४ जानेवारीच्या सर्वांत जास्त.

१३ जानेवारी : संक्रांतीच्या आदल्या दिवशी

ठिपका साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. म्हणजे उत्तरायण संक्रांतीला सुरू होते म्हणावे, तर सावली त्याआधीच जवळपास सहा सेंटिमीटर मागे आली आहे. १४ जानेवारीवाल्यांनी आधी टेपवर संशय घेतला, मग घड्याळावर, मग पाचही वह्या मागवून घेतल्या. घेऊ द्याव्यात. पाच गटांच्या नोंदी एकच सांगतात म्हटल्यावर कागदावर दुरुस्ती त्यांच्याच अक्षरात आली.

कारण दोन वाक्यांत सांगता येते. सूर्य दक्षिणेकडून माघारी फिरतो तो २१-२२ डिसेंबरला. मकर संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार मंद डुलत असल्यामुळे दोहोंतले अंतर साधारण बहात्तर वर्षांना एक दिवस या गतीने वाढत आज चोवीस दिवसांच्या घरात आले आहे. तिळगूळ घेताना घरी हे सांगायचे की नाही, यावर वर्गात मतभेद आहेत.

मध्यान्ह १२:४२. वेळेचा आकडा पुढे पळतोय हे कुंभी गटाच्या वहीवाल्याने आज पहिल्यांदा मोठ्याने म्हटले. शिक्षकांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले.

३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी : जुळणी

एक तारखेचा ठिपका ६७.१. भिंतीवरच्या चौकटीत ६६.९. संध्याकाळची दोरीची सावलीही नोव्हेंबरच्याच रेघेवर.

१० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. जाताना ज्या जागेवरून सूर्य गेला, परतताना त्याच जागेवर आला, दोन्ही वेळी विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला. महाद्वाराची दिशा एकच आहे, म्हणून वर्षातून दोनच वेळा. पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचे हे उत्तर. ते तुळशी गटाने तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत मांडले आणि मग कुंभीच्या वहीवाल्याने घोळ घातला : सूर्य जर त्याच जागी आहे, तर नोव्हेंबरात किरण पावणेसहाला आणि आता सव्वासहाला का?

वर्ग शांत झाला, कारण प्रश्न खरा होता. वह्या उघडल्या. मध्यान्ह : २३ सप्टेंबरला १२:२५, १० नोव्हेंबरला १२:१७, २२ डिसेंबरला १२:३१, १३ जानेवारीला १२:४२, आज १२:४६. सूर्यास्तही तसाच अर्ध्या तासाने पुढे. म्हणजे सूर्याची जागा तीच, घड्याळ वेगळे.

यातला पहिला भाग त्यांना येतो. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, कोल्हापूर ७४.२४ वर. फरक ८.२६ अंश, अंशाला चार मिनिटे, म्हणजे ३३ मिनिटे. म्हणून मध्यान्ह सरासरीने १२:३३ ला. पण प्रत्यक्षात तो नोव्हेंबरात सोळा मिनिटे आधी आणि फेब्रुवारीत साडेतेरा मिनिटे उशिरा.

दुसरा भाग नकाशात नाही. एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत बरोबर चोवीस तास नसतात. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा कक्षेत वेगाने धावते. शिवाय तिचा आस कललेला आहे. दोन्हींचा परिणाम मिळून डिसेंबरच्या शेवटी एक सौर दिवस चोवीस तासांहून सुमारे ३० सेकंद मोठा असतो. रोजचे सेकंद साठत जातात. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हे ८३ दिवस. अर्धा तास भागिले ८३, रोजचे सरासरी २२ सेकंद. हा भागाकार फळ्यावर करायला चार जण एकदम उठले.

हा अर्धा तास पाठ्यपुस्तकात नाही आणि परीक्षेतही येणार नाही. तरी मधली सुट्टी झाल्याची घंटा झाल्यावरही कुणी उठले नाही.

१० फेब्रुवारी : गुण आणि पुढच्या तुकडीसाठी

गुण आकडा बरोबर आला म्हणून द्यायचे नाहीत. वीसपैकी आठ नोंदींच्या पुरेपणाला. त्यात ‘ढग’, ‘धुरकट’, ‘टेप तुटकी’ हे शेरे धरायचे. सहा शंकेखोर म्हणून पकडलेल्या चुकांना. सहा स्वतःच्या चुकीचे कारण सांगण्याला. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांत भोगावतीचा गट आहे, ज्याने कोल्हापूर बेळगावात नेले होते.

बदल : टेप पाचही गटांना एकाच कंपनीच्या घ्याव्यात आणि पहिल्याच दिवशी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. पुठ्ठा दमटपणाने वाकतो, त्याजागी पत्र्याचा तुकडा. भोक ५ मिलिमीटरहून मोठे करू नये, ठिपका मोठा होतो पण मध्य सापडत नाही. डबे गच्चीच्या पाण्याच्या वाटेवर ठेवले होते, ते पूर्वेच्या कठड्याला हलवले.

कोल्हापुरात सूर्य डोक्यावर येतो ते दोन दिवस मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पडतात. एक सुट्टीत जातो, दुसरा ढगात. तरी ऑगस्टमध्ये संच गच्चीवर काढून ठेवावेत. मध्यान्ह त्या दिवसांत १२:३९ च्या सुमारास आहे, आणि पाच मिनिटे ढग फाटले तर ठिपका थेट ओळंब्याच्या पायावर येतो. दहावीत गेलेल्यांपैकी दोघांनी किल्ली मागून ठेवली आहे.